कॅमेऱ्याचाही जमाखर्च मांडा



घरातील मुलगा किंवा मुलगी शेतीला जोड म्हणून लग्नाचे फोटो काढते, काम भरपूर असते, पण हाती पैसा उरत नाही. असे असेल तर वही घेऊन बसा.

विहिरीवरच्या मोटारीचा घसारा धरतात, तसा कॅमेऱ्याचाही धरावा. समजा, कॅमेरा ६०,००० रुपयांचा असून ५ वर्षे चालेल. म्हणजे वर्षाचा घसारा १२,००० रुपये. वर्षाला २४ लग्ने मिळाली, तर प्रत्येक लग्नामागे ५०० रुपये त्यातच गेले. त्यात अल्बम, प्रवास, मदतनीस आणि स्वतःची मजुरी मिळवा. मगच दर सांगा.

तारीख ठरताच इसार घ्या. काय देणार ते लिहून द्या. बाकी रक्कम अल्बम देताना घ्या. काम भावकीचे असले तरी उधारी वहीत मांडा.

चातुर्मासात लग्ने नसतात, म्हणून हंगामातच थोडी रक्कम बाजूला ठेवावी. नव्या कॅमेऱ्यासाठी जमीन गहाण टाकू नका. २०१५ साली सुरू झालेल्या मुद्रा योजनेत ५०,००० रुपयांपर्यंतचे ‘शिशु’ कर्ज विनातारण असते; बँकेत चौकशी करा. मात्र वहीत नफा दिसला, तरच कर्ज काढावे.