भाजी धुतली, पण धातूंचे काय?

पालेभाजी मिठाच्या पाण्यात दोनदा धुतली की ती निर्धोक झाली, असे आपल्या घरांत मानले जाते. मातीपुरते ते खरे आहे. मुळांवाटे जे आत शिरले, त्याला मात्र हे पाणी पोहोचत नाही.

वनस्पती जमिनीतून जस्त, तांबे, लोह घेतात. जमीन दूषित असेल तर कॅडमियमही घेतात. पेशीत मोकळा फिरणारा धातू घातक, म्हणून त्यांच्याजवळ मेटॅलोथायोनिन नावाची छोटी प्रथिने असतात. त्यांतील गंधकाचे अणू धातूला धरून ठेवतात. या प्रथिनांची जनुके प्रत्येक पेशीत असली, तरी सगळी सर्वत्र कामाला लागत नाहीत. मोहरीच्या कुळातील अरॅबिडॉप्सिस हे शास्त्रज्ञांचे लाडके रोपटे. त्याच्यात काही जनुके अन्नरस वाहणाऱ्या नलिकांत जागी असतात, काही कोवळ्या पानांत, तर एक गट केवळ बियांत. गव्हाच्या दाण्यातील अंकुरात याच शेवटच्या गटाचे प्रथिन जस्त बाळगून असते. मैदा करताना अंकुर व कोंडा निघून जातो आणि त्यांच्याबरोबर बरेचसे जस्तही. जस्त कमी पडले की तोंडाची चव मंदावते; भूक नाही म्हणून आजींना दोन्ही वेळा चहा-टोस्टवर ठेवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

आपल्या शरीरातही याच कुळातील प्रथिने आहेत. १९५७ साली ती प्रथम सापडली, ती घोड्याच्या मूत्रपिंडात. अन्नातून आलेले कॅडमियम मूत्रपिंडात ती धरून ठेवतात आणि ते बाहेर पडण्यास दशके लागतात. जपानमधील जिन्झू नदीकाठी खाणीच्या सांडपाण्याने भातशेती दूषित झाली. तेथील कित्येक प्रौढ व वृद्ध स्त्रियांची हाडे इतकी ठिसूळ झाली की रोगाचे नावच ‘इताई-इताई’, म्हणजे ‘दुखते, दुखते’, असे पडले.

आपल्या मंडईत तसे संकट नाही. घाबरून पालेभाजी सोडणे हा शुद्ध वेडेपणा ठरेल. परंतु कॅडमियम फळभाज्यांपेक्षा पालेभाज्यांत सहसा अधिक उतरते, म्हणून नाल्याच्या पाण्यावर पिकलेला पाला घेऊ नये, भाज्या आलटून-पालटून आणाव्यात. रक्तातील लोह कमी असेल तर आतडे कॅडमियम अधिक शोषते. तेव्हा हिमोग्लोबिनची तपासणी टाळू नये. जस्ताच्या गोळ्या मात्र परस्पर सुरू करू नयेत, त्यांच्या अतिरेकाने तांबे घटते.

आणि भाजीविषयी इतके दक्ष असणाऱ्या आजोबांनी विडीकडेही पाहावे. तंबाखूचे पान कॅडमियम साठवण्यात तरबेज असते, आणि धुरातून ते थेट फुप्फुसांत उतरते.