विश्लेषण : एचआयव्ही आटोक्यात, तरी लिम्फोमाचा धोका का उरतो?

देशात एचआयव्हीची औषधे २००४ पासून टप्प्याटप्प्याने मोफत मिळू लागली. २०१७ पासून निदान होताच उपचार सुरू करण्याचे धोरण आहे. त्यामुळे रुग्णांचे आयुष्य वाढले आणि लिम्फोमाचे प्रमाणही घटले. पण हा धोका इतरांपेक्षा अजून जास्तच आहे. असे का?

लिम्फोमा म्हणजे काय?

लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींचा कर्करोग. एचआयव्हीबाधितांमध्ये तो बहुधा बी-पेशींत होतो. एचआयव्ही मात्र मुख्यतः टी-पेशींत शिरतो. प्रतिकारशक्ती ढासळल्यावर एपस्टाइन-बारसारखे विषाणू बी-पेशी बिघडवतात, हे एक कारण. ते सगळ्या रुग्णांना लागू पडत नाही.

प्रथिनाचा संबंध काय?

एचआयव्हीच्या आवरणाला आतून पी१७ या प्रथिनाचे अस्तर असते. ते बाधित पेशींतून बाहेर पडते आणि उपचार घेणाऱ्यांच्या लसिकाग्रंथींतही सापडले आहे. हा विषाणू स्वतःची प्रत काढताना चुका करतो, त्या दुरुस्त करत नाही. त्यातून पी१७ची वेगवेगळी रूपे तयार होतात. त्यातली काही रूपे बी-पेशींची वाढ चेतवतात आणि लिम्फोमाच्या रुग्णांत जास्त आढळतात, असे इटलीतील संशोधकांनी २०१५ मध्ये मांडले. हा संबंध आहे, अंतिम पुरावा नव्हे. शिवाय भारतात विषाणूचा ‘सी’ उपप्रकार जास्त आहे.

कर्जत-खालापूरच्या रुग्णाने काय करावे?

पी१७ची चाचणी नेहमीच्या उपचारात होत नाही. हाती आहे ती गाठीची तपासणी. मान, काख किंवा जांघेतली गाठ, ताप, रात्रीचा घाम, घटते वजन ही लक्षणे लिम्फोमाची, तशीच टीबीचीही. टीबी अधिक आढळत असल्याने आधी त्याचीच शंका येते. मात्र गाठ वाढत असेल किंवा टीबीच्या औषधांनी लक्षणे हटत नसतील, तर गाठीचा तुकडा काढून तपासणे, म्हणजे बायोप्सी, टाळू नये. टाटा रुग्णालय परळला आणि त्याचे केंद्र खारघरला आहे. तिथवर जायचे तर दिवसाची मजुरी बुडते, म्हणून तपासणी पुढे ढकलली जाते. या कर्करोगात हाच उशीर महागात पडतो.

गाठ दाखवताना एचआयव्ही लपवू नका. २०१७च्या कायद्याने गोपनीयतेचा हक्क दिला आहे. १०९७ या मोफत क्रमांकावर माहिती मिळते. आणि गोळी एक दिवसही चुकवू नका : विषाणू दाबून ठेवणे हाच आजही लिम्फोमापासूनचा सर्वांत मोठा बचाव आहे.