‘शाल’ लिहून पाहा



टाइम्स न्यू रोमन आणि जॉर्जिया हे इंग्रजीतले दोन फॉन्ट वरवर सारखेच वाटतात. दोन्हींच्या अक्षरांना टोकाशी बारीक पाय असतात, त्यांना सेरिफ म्हणतात. मग ओळखायचे कसे? आकडे पाहा. टाइम्समध्ये सगळे आकडे एका उंचीचे असतात. जॉर्जियात मात्र तीन, चार, पाच, सात आणि नऊ ओळीखाली उतरतात.

देवनागरी फॉन्टमध्येही अशी दोन चुगलखोर अक्षरे आहेत: ल आणि श. मराठी वळणाचा ल म्हणजे शिरोरेषेला छोट्या देठाने लटकलेल्या दोन पाकळ्या, त्याला उजवीकडे उभा दंड नसतो. हिंदी वळणाच्या ल ला तो असतो. मराठी श ची डावी बाजू देठाने शिरोरेषेला जोडलेली असते, तर हिंदी श ला तिथे गाठ असते. महाराष्ट्र शासनाने २००९ साली वर्णमालेचा निर्णय काढला, त्यात पाकळीचा ल आणि देठाचा श हेच मराठीसाठी ठरवले.

गंमत म्हणजे संगणकाच्या लेखी दोन्ही ल एकच. युनिकोडमध्ये त्यांना वेगळा क्रमांक नाही, रूप ठरवतो तो फॉन्ट. काही फॉन्टमध्ये दोन्ही रूपे असतात आणि मजकुराची भाषा ‘मराठी’ निवडली की आपले वळण दिसते. आत्ता हा लेख वाचताना तुमच्या मोबाइलवर कोणता ल दिसतोय, बघा बरं!

हिंदी वळण चुकीचे मुळीच नाही. पण सुरतेत आपली मुले शाळेत बिनशिरोरेषेची गुजराती शिकतात आणि देवनागरी बहुधा हिंदीच्या पुस्तकातून. मग आजीच्या हातचे जुने पत्र किंवा लोणच्याच्या कृतीची वही हाती आली की त्यातल्या ल-श पाशी ती अडखळतात. भाषा घरातली, पण अक्षर परके!

म्हणून एक सोपा उपाय. गणेशोत्सवाची किंवा मुंजीची पत्रिका छापायला द्याल, तेव्हा आधी त्या फॉन्टमध्ये ‘शाल’ हा एकच शब्द टाइप करून मागा. दोन्ही अक्षरांची परीक्षा एका शब्दात होते. आणि घरी मुलांना हाच शब्द दोन्ही वळणांत लिहायला सांगा. पाच मिनिटांचे काम, पण आजीची वही त्यांची होईल.