सुतकातला घास

परवा एका घरी भेटायला गेले होते. आई गेलेली. शेजारणीने पिठलं-भात आणून दिला होता आणि लेक खाली मान घालून जेवत होती. तेवढ्यात कुणीतरी कुजबुजलं, ‘‘हिला घास उतरतो तरी कसा!’’ ते मला फार लागलं. अशा वेळी मी होमरकडे जाते, हे या सदराच्या वाचकांना ठाऊक आहे.

‘इलियड’चा एकोणिसावा सर्ग. अकिलीसचा जिवलग मित्र पात्रोक्लस मारला गेलाय. अकिलीसला अन्न नको. सैन्यानेही उपाशीपोटी लढावं, असा त्याचा हट्ट. ओडिसिअस त्याला अडवतो. पोट मारून शोक होत नाही, रोज इतकी माणसं पडतात, प्रत्येकासाठी उपास धरला तर तो सुटायचा कधी? गेलेल्याचे अंत्यसंस्कार करा, दिवसभर रडा, मग मागे राहिलेल्यांनी जेवायलाच हवं. अकिलीस तरीही जेवत नाही. तेव्हा त्याला भुकेने ग्लानी येऊ नये म्हणून झ्यूस अथेनाला पाठवतो आणि ती देवांचं अन्न त्याच्या छातीत सोडते. पुढे चोविसाव्या सर्गात हाच अकिलीस मेंढी कापून प्रियामला जेवू घालतो. ज्याचा मुलगा त्याने स्वतः मारला, त्या बापाला! बारा मुलं गेलेल्या निओबीलाही अखेर अन्न आठवलंच, असं तो म्हाताऱ्याला सांगतो. शोक करणाऱ्याला याहून मोठा आधार मी तरी वाचलेला नाही.

ओडिसिअसच्या तोंडी पोटासाठी येणारा शब्द ‘गास्तेर’. त्याचा अर्थ गर्भाशय असाही होतो. मत्तयाच्या शुभवर्तमानात मरीया गरोदर असल्याचं याच शब्दाने सांगितलंय. तिर्तेऊसच्या काव्यात तो ढालीचा फुगीर भाग. पावसाळ्यात आपल्या वर्तमानपत्रांत येणारी ‘गॅस्ट्रोची साथ’ त्याच कुळातली.

‘ओडिसी’त तर तो खायचा पदार्थच होतो: चरबी आणि रक्त भरून आगीवर भाजलेलं बकरीचं जठर. त्यासाठी दोन भिकाऱ्यांची झुंज लावली जाते, आणि त्यांतला एक असतो वेषांतर केलेला ओडिसिअस, स्वतःच्याच घरात! बघे पोट धरून हसतात. घरधन्याला त्याच्याच घरचं अन्न मारामारी करून मिळवावं लागतं, हा प्रसंग मला दर वेळी बेचैन करतो.

ग्रीक कवी हेसिओदवर मात्र माझा राग आहे. खरं तर त्याच्या कलादेवतांवर. हेलिकॉन पर्वताखाली मेंढरं चारणाऱ्यांना त्या म्हणतात, तुम्ही नुसती पोटं. उन्हातान्हात राबणाऱ्या माणसाला असं हिणवायचं आणि मग त्यातल्याच एकाला काव्याचं दान द्यायचं, हे मला कधी पटलेलं नाही. त्यापेक्षा त्याच हेसिओदचं दुसरं काव्य मला जवळचं वाटतं. त्यात तो पेर्सेस या भावाला नांगरणी-पेरणीच्या वेळा समजावतो आणि काम कर, म्हणजे उपासमार दूर राहील, कोठार भरलेलं राहील, असं कळकळीने सांगतो.