रंगाखालचा गंज

मृग लागण्यापूर्वीं फाटकास व कठड्यास रंग दिला म्हणजे आम्हां यवतमाळकर गृहस्थांस कृतकृत्य वाटतें. २०२५ च्या वैशाखांत मींही गच्चीच्या लोखंडी कठड्यास स्वहस्तें झकास हिरवा रंग दिला. श्रावणांत पाहतों तों त्यावर फोड! नखानें टोकरतांच पापुद्रा गळून आला, आणि आंतील गज काडीसारखा झिजलेला दिसला. त्याच कठड्यास टेकून नातवंडें पतंग पाहत असत. दोनच महिन्यांपूर्वीं, १५ जूनला, पुणें जिल्ह्यांतील कुंडमळा येथें इंद्रायणीवरचा जुना, गंजलेला लोखंडी पूल गर्दीच्या भारानें कोसळून चार जीव गेले होते. तें आठवून अंगावर कांटा आला.

लोखंड गंजण्यास पाणी व प्राणवायु दोन्ही लागतात. त्यांस बाहेर ठेवणें हें रंगाचें काम. मीं मात्र गंज न काढतां त्यावरच रंग फासला होता. गंज मूळ लोखंडाहून कित्येक पट जागा व्यापतो. तो आंत वाढला कीं वरचें कवच उचलून फोडतो. म्हणून आधीं तारेच्या ब्रशानें व पॉलिश कागदानें धातु चमकेपर्यंत घांसावा, तेलकटपणा पुसावा, आणि त्याच दिवशीं अस्तराचा हात द्यावा. कडा व सांधे यांवर रंग पातळ बसतो. तेथें एक हात जादा. आपल्याकडील भर दुपारीं तापलेल्या गजास रंग देऊं नये. वरची साय लगेच सुकते व खालीं फोड धरतात. सकाळची वेळ उत्तम.

पूर्वीं हें अस्तर शेंदराचें असे. शिशापासून केलेला तो शेंदूर जवसाच्या तेलांत कालवून पुलांस व जहाजांस लावीत. (मारुतिरायानें लोखंडही सांभाळलें म्हणावयाचें!) गुणानें तें उत्तम, परंतु शिसें मुलांच्या मेंदूस घातक. २०१६ च्या नियमांनीं घरगुती रंगांत दशलक्ष भागांत ९० हून अधिक शिसें वर्ज्य केलें आहे. जुन्या घरांतील रंगांत मात्र तें असूं शकतें. तो कोरडा खरवडूं नये, ओला करून काढावा, मुलांस दूर ठेवावें व कपटे गोळा करून टाकावे.

गंजानें खाल्लेलें लोखंड रंगानें भरून येत नाहीं. आमचे दोन गज कापून नवे जोडावे लागले. उरलेले घांसण्यास तीन दिवस गेले. रंगास एक सकाळ पुरली.