सामन्यांची जुनी पत्रके

पावसाळा सरून दिवाळी आली, की वऱ्हाडातील काळ्या जमिनीचा चिखल वाळतो व मैदाने पायाखाली घट्ट होतात. दिवाळीपासून नाताळापर्यंतचे दिवस फुटबॉलच्या सामन्यांस म्हणूनच विशेष सोयीचे. अशा सामन्याचे जे एकपानी पत्रक छापले जाते, त्याचे आयुष्य मात्र एका सायंकाळपुरतेच असते. मध्यंतरापर्यंत त्यात फुटाणे बांधले जातात व खेळ संपताच ते मैदानावर उडू लागते. हे पत्रक जपून ठेवण्याच्या योग्यतेचे आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

विलायतेत लोकांस याची किंमत कळली आहे. १८८२ सालच्या एफ. ए. कपाच्या अंतिम सामन्याचे एक पत्रक २०१३ साली लिलावात ३५,२५० पौंडांस विकले गेले. पण पैशाची गोष्ट राहू द्या. त्या देशी पूर्वी प्रत्यक्ष नाताळच्या दिवशी सामने भरत, कारण कामकरी वर्गास सुटी तेव्हाच मिळे. आणि पुष्कळदा तेच दोन संघ लागोपाठच्या दिवशी एकमेकांच्या गावी जाऊन खेळत. १९५७ नंतर नाताळदिवशीची ती मोठी धामधूम मावळली, तरी दुसऱ्या दिवसाचे सामने चालू राहिले. २६ डिसेंबर १९६३ रोजी पहिल्या श्रेणीच्या १० सामन्यांत मिळून ६६ गोल झाले! ब्लॅकबर्नने वेस्ट हॅमला त्यांच्याच मैदानावर ८–२ असे लोळविले, आणि दोनच दिवसांनी वेस्ट हॅमने ब्लॅकबर्नच्या गावी जाऊन ३–१ अशी परतफेड केली. हे एखाद्या आजोबांनी नुसते तोंडी सांगितले असते, तर नातवंडे हसली असती. आमच्याकडच्या आजोबांचे गोल तर दर दिवाळीस एकेकाने वाढतात, आणि त्यांस आवर घालावयास कागद नसतो.

कागदाचा दुसरा उपयोग याहून मोठा आहे. १९४३ साली मुंबईच्या पंचरंगी क्रिकेट सामन्यांत विजय हजारे यांनी हिंदू संघाविरुद्ध ३८७ पैकी एकट्याने ३०९ धावा काढल्या. संघ धर्मवार पाडण्याची ती रीत पुढे बंद पडली, हे ठीकच झाले. हजारे हे ख्रिस्ती असल्यामुळे ‘रेस्ट’ संघातून खेळत होते. त्यांचे ३०९ कोणीही सांगेल. पण दुसऱ्या टोकास त्यांचे बंधू विवेक उभे होते, दोघांनी मिळून ३०० धावांची भर घातली आणि तीत विवेक यांच्या धावा अवघ्या २१ होत्या, हे धावफलक जपला गेला म्हणून कळते. फुटबॉलमध्ये तर असे विवेक प्रत्येक सामन्यात असतात. गोल करणाऱ्याचे नाव गावभर होते. बचाव करणारा गडी पत्रकावर नसेल, तर तो कोठेच नसतो.

अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा चमू १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकप्रसंगी देशी खेळांची प्रात्यक्षिके करून आला. ही हकीकत टिकली, कारण ती लिहिली गेली. पण अकोल्याहून निघून, बडनेऱ्यास गाडी बदलून अमरावतीस खेळावयास येणाऱ्या शाळकरी संघांची नोंद कोण ठेवणार?

जी थोडी पत्रके उरतात, तीही पुष्कळदा मुकी असतात. वार असतो, वेळ असते, अध्यक्षांच्या पदव्या तर दोन ओळी भरतात. सन मात्र नसतो. खेळाडूंची केवळ आडनावे असतात, आणि वऱ्हाडातील एका संघात तीन देशमुख निघाले, तर ते कोणते, हे पुढे ब्रह्मदेवासही सांगता येऊ नये.

यास्तव येत्या नाताळच्या सामन्याच्या पत्रकावर सन छापावा. राखीव गड्यांसह सर्वांची पूर्ण नावे व गावे द्यावीत. खेळ संपल्यावर गोल कोणी केले, ते पाठीमागे शाईने लिहून दोन प्रती वाचनालयात ठेवाव्यात. माजी विद्यार्थ्यांनीही आपल्या जुन्या ट्रंका उघडून पाहाव्यात. मूळ कागद देववत नसेल, तर त्याचे छायाचित्र पाठविले तरी चालेल. कपाट मात्र लोखंडी हवे. लाकडी कपाटातील वाळवी कोणाचेच आडनाव पाहत नाही.