माळीकामात डॉक्टर?

गेल्या आठवड्यात माझ्या एका माजी विद्यार्थिनीचे अब्बा घरी आले. चहाला हातही न लावता म्हणाले, "मॅडम, तुम्हीच समजवा तिला. पाच वर्षं बी.आर्क., दोन वर्षं एम.आर्क., आता पीएच.डी. म्हणते. तीही बागांवर! माळीकामात डॉक्टर होऊन करणार काय? स्थळंही थांबणार नाहीत."

मला राग आला नाही. लँडस्केप आर्किटेक्चर म्हणजे झाडं लावणं, असं मीही समजत होते. त्या मुलीनंच मला शिकवलं. जमिनीचा उतार, माती, पाणी कुठून वाहतं, कुठं मुरतं, सावली कुठं पडते, माणसं कुठं बसतात, हे पाहून मोकळी जागा आखण्याचं हे शास्त्र. तिला अभ्यास करायचाय औरंगाबादच्या नहर-ए-अंबरीचा. चारशे वर्षांपूर्वी मलिक अंबरनं पंपाशिवाय, केवळ उताराच्या जोरावर शहरात पाणी आणलं. आज त्याच शहरात नळाला पाणी कधी येईल, याची वाट पाहावी लागते. मग हा विषय माळीकामाचा कसा?

मी अब्बांना नियम सांगितले. यूजीसीच्या २०२२च्या नियमांप्रमाणे पीएच.डी.ला किमान तीन, जास्तीत जास्त सहा वर्षं. स्त्रियांना आणखी दोन वर्षांची सवलत आणि २४० दिवसांपर्यंत बाळंतपणाची रजा. म्हणजे निकाह आणि संशोधन यांचं वैर नाही; फक्त सासरच्यांना आधी स्पष्ट सांगायला हवं.

पैशाचं मात्र लपवलं नाही. मौलाना आझाद फेलोशिप २०२२-२३पासून बंद झाली, तिच्या भरवशावर राहू नका. प्रवेशाआधी संस्थेला लेखी विचारा : शिष्यवृत्ती मिळेल का, किती आणि किती वर्षं? 'गेट' परीक्षेत आर्किटेक्चर अँड प्लॅनिंगचा पेपर असतो, तोही तिनं द्यावा. घर गहाण टाकून पीएच.डी. करू नये, हे माझं मत. मार्गदर्शक कोण, हे पाहिल्याशिवाय तर मुळीच नाही.

अब्बांनी गार झालेला चहा संपवला. दारात थांबून विचारलं, "पाणचक्कीला येतं ते हेच पाणी ना?"

"नाही, ती नहर वेगळी. तुमच्या लेकीनंच सांगितलं मला."

ते क्षणभर गप्प राहिले. "मला नाही कधी सांगितलं."

"तुम्ही विचारलंत कधी?"

चप्पल घालता घालता म्हणाले, "आज विचारतो."